दिघ्याच्या वाळूतला लाल ठिपका

हावड्याहून सकाळची गाडी धरली आणि दुपारच्या आत पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावरच्या दिघ्याला उतरलो. डिसेंबर मुद्दाम धरला होता. जिच्यासाठी एवढ्या लांब आलो, तिचा विणीचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी.

ती म्हणजे मेलानोक्लॅमिस द्रौपदी. समुद्री गोगलगाय, लांबी फार तर 7 मिलिमीटर. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांना ती दिघ्यात आणि लगतच्या ओडिशातल्या उदयपूरच्या किनाऱ्यावर सापडली. 2024 च्या सुरुवातीला नवी प्रजाती म्हणून ती जाहीर झाली, नाव राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यावरून. त्यांचा मयूरभंज जिल्हा, उदयपूर ज्यात येतं त्या बालेश्वर जिल्ह्याला खेटूनच आहे, म्हणून मला हे नाव फार भावलं. मेलानोक्लॅमिस या वंशातल्या बहुतेक गोगलगायी समशीतोष्ण समुद्रातल्या. उष्ण पाण्यातल्या मोजक्याच, आणि त्यातल्या दोन याच किनारपट्टीवर.

खरं तर मला ओढ लागली ती जागेमुळे. नवा जीव खोल समुद्रात सापडला तर नवल नाही. पण बंगालचा अर्धा मध्यमवर्ग सुट्टीला येतो त्या पुळणीवर, घोडे आणि भेळवाल्यांच्या पायाखाली?

ओहोटी लागल्यावर उदयपूरच्या बाजूला चालत गेलो. आमच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढताना नजर भोकांवर ठेवायची असते. इथे शोधायच्या होत्या रेघा. ही वाळूच्या पृष्ठभागाखालून सरकते. सरकताना अंगातून पारदर्शक चिकट स्राव सोडते, त्याची झूल अंगाभोवती बनते आणि वाळूचे कण टोचत नाहीत. शंखही अंगाच्या आतच. मागे उरतो तो फक्त माग.

"की खुँजछेन, दादा?" काय शोधताय, असं शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या काकांनी विचारलं. मी म्हटलं, "शामुक." म्हणजे गोगलगाय. त्यांनी लगेच टोपलीतला मोठा शंख पुढे केला. मी करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. मग तेही टोपली खाली ठेवून माझ्याशेजारी उकिडवे बसले.

तासभर नुसत्या खेकड्यांच्या गोळ्या आणि किड्यांच्या वळकट्या. पाठ भरून आली. शेवटी काकांनीच बोट दाखवलं: उथळ, नागमोडी रेघ, टोकाला वाळूचा जरासा फुगवटा. भिंग धरलं. फुगवटा हलला आणि काळपट तपकिरी, आखूड, गुळगुळीत अंग क्षणभर वर आलं. मागच्या टोकाला माणकासारखा लाल ठिपका. ओळखण्याची खूण हीच. मी श्वास रोखला होता.

काकांना भिंग दिलं. ते बराच वेळ बघत राहिले. "रोज इथूनच जातो," एवढंच म्हणाले.

फोटो काढेपर्यंत ती खाली गेली होती. उकरायचं नाही, हे दोघांनी न बोलता ठरवलं. भरतीचं पहिलं पाणी रेघेवरून गेलं तेव्हा आम्ही उठलो, आणि परतताना ते काका वाळूकडे बघून पाऊल टाकत होते.