पांढरी बाहुली

गेली 22 वर्षे मी पुण्यात कृत्रिम डोळे तयार करण्याचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत कारखान्यातल्या अपघातात किंवा फटाक्याने डोळा गमावलेली माणसे जास्त असतात. त्यांच्याबरोबर दरवर्षी काही लहान मुलेही येतात, ज्यांचा डोळा रेटिनोब्लास्टोमामुळे, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे, काढावा लागलेला असतो. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका बाळाला होणारा हा आजार बहुधा वयाच्या पाच वर्षांच्या आतच उघडकीस येतो, त्यामुळे अशा वेळी माझ्या खुर्चीत आई बसते आणि मूल तिच्या मांडीवर असते.

त्या सप्टेंबरात आलेली मुलगी अडीच वर्षांची होती आणि घरात तिला माई म्हणत. कुटुंब बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जाणारे. आईवडील मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर, आणि मांडीवरच्या मुलीचे डोके केमोथेरपीमुळे गुळगुळीत झालेले. एप्रिलच्या अखेरीस तिचा डावा डोळा काढला होता. काढलेल्या डोळ्याच्या तपासणीत गाठ दृष्टिपटलामागच्या थरात शिरल्याचे आढळले, म्हणून नंतर केमोच्या सहा फेऱ्या द्याव्या लागल्या. शस्त्रक्रियेला होकार द्यायला घरच्यांनी दहा दिवस घेतले, हे वडिलांनी न विचारताच सांगितले. आजी त्या वेळी तयार नव्हती. ती आजी आता सात महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन दाराजवळ बसली होती.

आमचे काम दोन दिवसांचे असते. पहिल्या दिवशी डोळ्याच्या खोबणीत बधिर करणारे थेंब घालून माप घ्यावे लागते. दातांचे डॉक्टर कवळीसाठी वापरतात तसलीच अल्जिनेटची पेस्ट सिरिंजने आत सोडायची आणि ती घट्ट होईपर्यंत मुलाला कसेबसे स्थिर ठेवायचे. मोठी माणसे या वेळी खुर्चीचे हात घट्ट धरतात. माईने मात्र एका हातात बिस्कीट धरून ठेवले आणि माझ्याकडे रोखून पाहत राहिली, कारण सहा महिन्यांत तिने याहून पुष्कळ वाईट सोसले होते. त्या मापावरून मेणाचा नमुना, मेणावरून साचा आणि साच्यात ॲक्रिलिकचा पांढरा भाग तयार होतो. बुबुळ मी दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवतो, तेही खिडकीशी बसून, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसतो. माईच्या उजव्या डोळ्याचे बुबुळ लांबून काळे वाटे, जवळून मात्र मधासारखे पिंगट होते आणि कडेला करड्या रंगाची एक बारीक रेघ होती. ती रेघ साधायला मला तासभर लागला. पांढऱ्या भागावर शिरा दाखवण्यासाठी लाल रेशमी धाग्याचे तंतू सोडवून चिकटवतात. लहान मुलांच्या डोळ्यात ते अगदी मोजके ठेवावे लागतात, नाही तर डोळा जागरण केल्यासारखा दिसतो.

बुबुळ रंगवण्यापूर्वी मी प्रत्येकाकडे आजारापूर्वीचे फोटो मागतो. पापणी किती उघडत असे, हसताना डोळा कितपत बारीक होई, हे त्यावरून कळते. माईच्या वडिलांनी काच तडकलेला फोन माझ्या हातात दिला. फोटो थोडेच होते. त्यातला एक दिवाळीतला होता. कोपीच्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीच्या, दारात पणती, नवा फ्रॉक घातलेली माई, आणि अंधार असल्यामुळे फ्लॅश मारलेला. उजव्या डोळ्याची बाहुली लाल दिसत होती आणि डावी पांढरी.

निरोगी डोळ्यात फ्लॅशचा प्रकाश आतल्या रक्ताने भरलेल्या थरावरून परततो, म्हणून बाहुली लाल दिसते. दृष्टिपटलावर गाठ असली की तो त्या गाठीच्या पांढुरक्या पृष्ठभागावरून परततो. प्रत्येक पांढरी चमक म्हणजे कर्करोग नव्हे, जन्मजात मोतीबिंदूतही ती दिसते आणि कधी नुसत्या नजरेच्या कोनामुळेही दिसते, पण ती दिसली की मुलाला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. असे फोटो मला यापूर्वीही अनेकांच्या फोनमध्ये दिसलेले आहेत. मी काही न बोलता ते पुढे सरकवत आलो, कारण डोळा गेल्यावर ते सांगून काय साधणार, असे मला वाटे. त्या दिवशीही मी बोट पुढे नेले, पण आई माझ्या खांद्यावरून पाहत होती.

“साहेब, मागं घ्या ना तो फोटू,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ तो पाहून तिने विचारले, “तव्हाच दिसत होतं का हे?”

मी होय म्हणालो. दिवाळीत ती सहा महिन्यांची गरोदर होती आणि रोज पहाटे फडात जात होती. शेकोटीच्या उजेडात पोरीचा डोळा मांजरासारखा चमकतो, हे तिच्या लक्षात आले होते, आणि पुढे तो डोळा तिरळा दिसू लागला तेव्हा कारखान्याजवळच्या एका डॉक्टरला तिने दाखवलेही होते. वय वाढले की तिरळेपणा जाईल, असे सांगून त्याने थेंब दिले. मोठ्या दवाखान्यात जायचे तर खाडा पडणार आणि खाड्याचे पैसे उचलीत चढणार, म्हणून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबायचे ठरले. हे सारे तिने रडत नव्हे, हिशेब सांगावा तसे सांगितले. मी म्हणालो, “ताई, हे ओळखायला मलाही काही वर्षं लागली. तुम्ही तर डॉक्टरला दाखवलं होतं.” दिवाळीत निदान झाले असते तर डोळा वाचला असता का, हे तिने विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्याचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता.

तो फोटो पुन्हा पाहताना मात्र माझे लक्ष आजीच्या मांडीवरच्या मुलाकडे गेले. हा आजार काही मुलांत आनुवंशिक असतो, म्हणून लहान भावंडांचे डोळे बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासावे लागतात. मी विचारले, तर कोणालाच काही ठाऊक नव्हते. दवाखान्याच्या कागदांच्या पिशवीत ती सूचना होती, एका ओळीची, इंग्रजीत. पन्नासेक कागदांत ती ओळ आईवडिलांनी कशी शोधावी, हे ती लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मी ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांना फोन केला आणि डोळा पॉलिशला असताना वडील त्या बाळाला घेऊन गेले.

दुपारी तयार डोळा मी आजीच्या तळहातावर ठेवला. कृत्रिम डोळ्याने दिसत नाही, हे मी आदल्या दिवशी दोनदा सांगितले होते. तरीही तिने हळूच विचारले, “ह्यानं थोडं तरी दिसंल ना?” मी पुन्हा नाही म्हणालो. तिने मान हलवली आणि तो डोळा पदराने पुसून मला परत दिला. मला तो पुन्हा धुवावा लागला, पण मी तिला काही बोललो नाही. डोळा बसवल्यावर माईने सवयीने तिथे बोट नेले आणि मग बिस्कीट मागितले.

काढण्या-घालण्याचे मी आईला शिकवले. उसाच्या पात्याने चिरलेली, घट्टे पडलेली तिची बोटे पहिल्या दोन खेपांना थरथरली. तिसऱ्या वेळी तिने खालची पापणी ओढून डोळा अलगद काढला, धुतला आणि बसवला. तेवढ्यात वडील परतले. बाळाचे दोन्ही डोळे स्वच्छ होते, मात्र पुढची काही वर्षे ठरावीक काळाने तपासणी करावी लागणार होती. माईच्या उजव्या डोळ्याचीही तशीच तपासणी चालू राहणार होती.

मूल वाढते तशी खोबण वाढते, म्हणून पॉलिश आणि माप पाहण्यासाठी मी सहा महिन्यांनी बोलावतो. मार्चचे पान काढले तेव्हा वडील म्हणाले, “साहेब, तव्हा हंगाम असतोय. पट्टा पडल्यावर येतो की.”

“न्हाई,” आई म्हणाली, “मागल्या वक्ताला पट्ट्याचीच वाट बघितली. तुम्ही मार्चच लिवा.”

मी तारीख लिहिली, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत.