तुम्ही विचारलंत म्हणून: मिळेल ते काम मी का करत नाही

प्रश्न नेहमी जोडीने येतो. आधी, "एवढी पीएचडी झाली, मग अजून कायमचं काही नाही?" आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा, "मग मिळेल ते का करत नाहीस? कामाची लाज कसली?" लग्नकार्यात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवर विचारलं. तिने खोचून विचारलं नव्हतं. एमएस्सीनंतर पीएचडीला नाव नोंदवावं का, हे तिला ठरवायचंय. तिला मी धड उत्तर दिलं नाही. म्हणून आता सगळ्यांनाच एकदा सांगते.

सीएचबीचं, म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवण्याचं, तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. दरवर्षी नव्याने मुलाखत, शिकवू तेवढ्याच तासांचं मानधन, तेही महिनोन्‌महिने अडकलेलं, सुट्टीत शून्य. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2019 मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असा दर सुचवला. मला त्याच्या जवळपासही कधी काही मिळालं नाही. यंदा विभागाचा वर्कलोड भरला नाही, तासिकाच उरल्या नाहीत. म्हणून घरी.

"शाळेत का नाही जात?" बी.एड. नाही म्हणून. ज्युनियर कॉलेजलाही ते लागतं, आणि पीएचडी त्याच्या जागी चालत नाही. शाळेला मी कमी पडते आणि कंपनीला जास्त होते. क्लासमध्ये जाते, पण तिथे अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राचे तास आधीच वाटलेले असतात. सुट्टीतल्या बॅचला तेवढं बोलावतात.

"सरकारी पगाराची आस सुटत नाही तुझी," असंही एकांनी ऐकवलं. नाहीच सुटत. सातव्या वेतन आयोगात सहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. 2021 च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात आमच्या दुकानातला माल गेला. त्याचं कर्ज अजून फिटतंय. अशा घरातल्या बाईने तेवढ्या पगाराची इच्छा धरली तर त्यात हाव कुठली?

आणि ती इच्छा मी हवेत धरलेली नव्हती. 2018 मध्ये शासनाने सहाय्यक प्राध्यापकांची 3,580 पदं भरायला परवानगी दिली. यूजीसीच्या त्याच वर्षीच्या नियमावलीत होतं की 2021 पासून विद्यापीठांतल्या विभागांत या पदासाठी पीएचडी लागेलच. तेव्हा मी कोल्हापूरला संशोधनाच्या ऐन मध्यात होते. मग 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने, कोविडमुळे, भरती थांबली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस उरलेल्या 2,088 जागांना परवानगी आली. पीएचडीची अट आधी 2023 पर्यंत पुढे गेली आणि 2023 मध्ये काढूनच टाकली. नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पुरेशी ठरली. सेट माझी पीएचडीच्या आधीच झाली होती.

मुलाखतींना बोलावणी आली. काही ठिकाणी बिंदूनामावलीत, म्हणजे आरक्षणानुसार जागा ठरवणाऱ्या यादीत, माझी जागा नव्हती. काही ठिकाणी उमेदवार आधीच ठरलाय हे दाराबाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. यावर एवढंच.

आता मिळेल त्या कामाचं. मी गेले होते. हे फार जणांना माहीत नाही.

चिपळूणजवळच्या लोट्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट हवा होता. एमएस्सीनंतर याच पट्ट्यात मी दोन वर्षं तेच काम केलं होतं. पीएचडीसकट बायोडाटा आधी दोन-तीन कंपन्यांत देऊन झाला होता आणि सगळीकडे एकच ऐकलं होतं, "मॅडम, तुम्ही टिकणार नाही." म्हणून या वेळी झेरॉक्सच्या दुकानात बसून मी पीएचडी काढली. शोधनिबंध काढले. नावाआधीचं डॉ. काढलं. एका पानाचा बायोडाटा उरला. तो दुकानातल्या मुलाने वाचला आणि म्हणाला, "ताई, एवढंच?"

लॅबचा प्रमुख माझ्याहून लहान असावा. सभ्य माणूस होता. त्याने आधी टायट्रेशन करायला लावलं. ब्युरेट हातात आल्यावर मला फार बरं वाटलं, ते सांगायलाच हवं. फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचा तो फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा मी रीडिंग घेतलं. दुसरं पहिल्याशी तंतोतंत जुळलं. तो खूश झाला. मग एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, आला. कॉलमचं प्रेशर अचानक वाढलं तर काय कराल? मला यावर अर्धा तास बोलता आलं असतं. बफर खाली बसला असेल, फ्रिट चोंदली असेल, कुठला जोड आधी सोडवून बघायचा, काय कशाने धुवायचं, हे सगळं मी कोल्हापूरला रात्री-रात्री थांबून शिकले होते. मी म्हणाले, "सिनियरना सांगेन आणि कॉलम फ्लश करेन." एवढ्यावर थांबले. दुसऱ्या केमिस्टने जेवढं सांगितलं असतं तेवढंच सांगायचं, असं घरून ठरवून गेले होते.

मग त्याने बायोडाटा उचलला आणि विचारलं, "2016 ते 2021, इथे काही दिसत नाही."

मी म्हणाले, "घरी होते."

"मुलं?"

"मुलगी. लहान होती, तिच्यासाठी थांबले."

त्याने मान हलवली. त्याला ते लगेच पटलं.

माझी मुलगी 2017 ची. तिच्या पहिल्या वाढदिवसानंतर मी तिला सासूबाईंपाशी ठेवून पुन्हा कोल्हापूरला गेले. शनिवारी दुपारची एसटी धरून चिपळूणला यायचं, रविवारी संध्याकाळी परत. घाट उतरताना पोटात ढवळायचं, तरी यायचंच. नमुने एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना तपासायला, दुसऱ्या संस्थेत पाठवावे लागायचे. निकाल यायला आठवडे लागायचे, आणि ते आले की शनिवारचं येणंही चुकायचं. ती चालायला लागली ते मला फोनवर कळलं. ताप आला की ती आजीला हाक मारायची. पहिल्या वाढदिवसानंतरची ही वर्षं मी तिच्यापाशी नव्हते, आणि त्या माणसासमोर बसून मी सांगितलं की ही पाच वर्षं मी तिच्यासाठीच घरी होते. ज्या कामासाठी तिला सोडलं होतं ते काम नाकारलं, आणि तिच्याजवळ न राहता राहिल्याचं श्रेयही घेतलं. एका वाक्यात दोन्ही.

परत येताना वडापमध्ये माझे हात थरथरत होते. खोटं बोलल्याचं मला तितकं लागलं नाही. नोकरीसाठी माणसं बोलतात, आणि मीही बोलले. ते इतकं सहज खपलं, याचं लागलं. पाच वर्षांचं संशोधन सांगितलं असतं तर त्याने दहा शंका काढल्या असत्या. बाई घरी बसली होती म्हटल्यावर एकही काढली नाही.

चार दिवसांनी फोन आला. "मॅडम, काम चांगलं आहे तुमचं, पण गॅप मोठी आहे. मॅनेजमेंट फ्रेशर घ्या म्हणतंय."

पदवी दाखवली तर टिकणार नाही, लपवली तर गॅप. "लाज सोड" म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की लाज सोडून मी अजून काय करायला हवं होतं?

नंतर ओडिशातल्या एका तरुणाचा निकाल वाचनात आला. एका सरकारी बँकेला शिपाई हवा होता, बारावी झालेला पण पदवीधर नसलेला. त्याने पदवी लपवून नोकरी मिळवली. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अर्हता काय ठेवायची हा नोकरी देणाऱ्याचा अधिकार, आणि माहिती दडवणाऱ्याला त्या नोकरीवर हक्क सांगता येत नाही. कायद्याने ते बरोबर असेल. मला मात्र त्याने तो अर्ज भरला ती संध्याकाळ डोळ्यांसमोर येते. मंत्रालयाच्या कँटीनमध्ये 13 वाढप्यांच्या जागांना हजारोंनी अर्ज आले, पात्रता चौथी पास असताना घेतलेले बहुतेक पदवीधर निघाले, ही 2019 ची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. तिथे पदवीधर चालले, बँकेत चालले नाहीत. मुलाने घरून निघताना कोणता कागद खिशात ठेवायचा?

आता तुम्हाला न आवडणारं सांगते. कंपन्यांची भीती खोटी नाही. उद्या कॉलेजची ऑर्डर आली असती तर मी लोट्याची नोकरी सोडली असती का? हो, त्याच दिवशी. पण तिथली बीएस्सीची मुलंही दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या कंपनीत जातात, आणि त्यांना कोणी टिकण्याबद्दल विचारत नाही. आणखी एक. नकाराचा फोन ठेवल्यावर मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या रात्री मी स्वतःशी भांडले, की तुला नोकरी हवीच नव्हती, तुला फक्त शिकवायचंय. कदाचित खरं असेल. पण दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेची फी होतीच, आणि मी पुन्हा जाहिराती बघायला बसले. यातली खरी मी कुठली, ते मला सांगता येत नाही.

वर्गात मी म्हणायचे, "शिका, शिकलेलं कधी आडवं येत नाही." ती विद्यार्थिनी त्याच वर्गातली. आज ते वाक्य मी म्हणणार नाही. पण वर्गात उभी राहून रासायनिक बंध समजावताना मागच्या बाकावरची मुलगी अचानक वही ओढून लिहायला लागते, ते मला लोट्यात मिळालं नसतं, हेही तितकंच खरं. तिला पीएचडी करू नकोस असं मी सांगितलेलं नाही. कर असंही नाही. शनिवार-रविवारचं मात्र सगळं सांगितलं.

सध्या माझ्याकडे दोन बायोडाटा आहेत. कॉलेजांच्या जाहिरातींना एक जातो, कंपन्यांना दुसरा. दुसऱ्यात 2016 ते 2021 समोरची जागा अजून रिकामी आहे. मुलगी आता वाचते, माझे कागद उचलून बघते. तिथे "घरी होते" असं पुन्हा लिहिणार नाही, असं आज तरी म्हणतेय. पुढच्या सत्राची फी जूनमध्ये आहे.