कोल्क्वाहून नव्हे, जवळजवळ 'काहून'!

सी-ओ-एल-क्यू-यू-एच-ओ-यू-एन. मीटिंगच्या यादीत हे स्कॉटिश आडनाव आलं की बरेच जण 'कोल्क्वाहून' म्हणून मोकळे होतात. खरं तर नागपूरकराला ते फुकटात येतं. आपलं 'काहून?' म्हणा, त्यातला 'का' आखडून 'क' करा, जेमतेम ऐकू येईल इतकाच, आणि सगळा जोर 'हू'वर टाका. क-हून. एल आणि क्यू नुसते लिहिण्यापुरते. चूक होते ती जोर देण्यात. दोन्ही अक्षरं सारख्या वजनाने म्हटली, तर समोरच्याला स्वतःचंच नाव ओळखू येत नाही.

सी-एच-ओ-एल-एम-ओ-एन-डी-ई-एल-ई-वाय हे चेशायरमधल्या गावावरून आलेलं आडनाव. उच्चार फक्त 'चमली', जोर पहिल्यावर. बोलताना मधलं झिजलं, स्पेलिंग तसंच राहिलं. 'साहेब'चं 'साब' होतं तसं. इथे मात्र आपली देवनागरी दगा देते. 'चमली' वाचताना मराठी जीभ 'चमचा'तला च लावते, हवा असतो 'चिवडा'तला. चिठ्ठीवर 'च्यमली' लिहून ठेवलेलं बरं.

स्कॉटिश नावात झेड दिसला की थांबा. एम-ई-एन-झेड-आय-ई-एस हे स्कॉटलंडमध्ये 'मिंगिस', तेही ग ठासून न म्हणता, 'ङ'वरच निभावून. तो झेड मुळात झेड नव्हेच. जुन्या स्कॉट्स भाषेत 'योख' नावाचं, ३ सारखं दिसणारं अक्षर होतं. छापखान्यात त्याचा खिळा नसला की झेडचा लावत. डी-ए-एल-झेड-आय-ई-एलचं 'डी-एल' होतं ते यामुळेच. पण ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज हे 'मेन्झीज'च. म्हणून माणूस जिवंत असेल तर सरळ विचारा, 'आडनाव कसं म्हणता?' ब्रिटिशांनाही एकमेकांना हे विचारावं लागतं.

उलटा प्रकार आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. हे आडनाव हेझलच्या झाडांच्या खोऱ्यावरून आलंय, म्हणून एस लिहिला तरी ब्रिटनमध्ये उच्चार 'हिझ्लॉप', 'झाड'मधला झ. त्यांच्या नावाच्या कॉलेजला जाताना ऑटोवाल्याला मात्र 'हिस्लॉप कॉलेज'च सांगा.