चकचकीत का करत नाही?

"एवढे जुने चाकू जमवता, तासन् तास बसून दुरुस्त करता, मग ते नव्यासारखे चकचकीत का करत नाही?" माझ्या टेबलावर एखादा चाकू उघडा पडलेला दिसला की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी कीवही असते. बिचाऱ्याकडे बफिंगचं, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणायचं, यंत्र नसावं. यंत्र आहे. जुन्या पात्याला ते लावत नाही, एवढंच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

माझा संग्रह कॅम्पिंगच्या घडीच्या चाकूंचा. बहुतेक सगळे चार पात्यांच्या घराण्यातले: भाल्यासारख्या टोकाचं एक मोठं पातं, डबा उघडायचं एक, बाटलीचं झाकण काढायचं एक (त्याचं टोक चपटं असतं, ते स्क्रूड्रायव्हर म्हणून चालतं) आणि एक आरी, म्हणजे भोकं पाडायचं टोकदार पातं. एका टोकाला कडी, दोरीनं कमरेला अडकवायला. ही जुळणी मुळात शिपायांच्या कामाची. स्विस लष्कराला 1889 च्या नव्या रायफलीबरोबर एक असा चाकू हवा होता की त्यानं रायफल खोलता यावी आणि अन्नाचा डबाही उघडता यावा. 1891 मध्ये त्याचा पहिला साठा आला तो जर्मनीतल्या सोलिंगेनहून, कारण तेवढे चाकू काढायची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कुणाकडेच नव्हती. तिथल्याच इबाख गावच्या कार्ल एल्सनर या चाकू बनवणाऱ्याला ते खटकलं आणि त्याच वर्षी तोही लष्कराला चाकू पुरवू लागला. 1897 मध्ये त्यानं वजनाला हलका, एक लहान पातं जादा आणि बूच काढायचा स्क्रू असलेला नमुना नोंदवला. तो 'ऑफिसर्स नाइफ' म्हणून गाजला, पण लष्करानं तो कधी अधिकृतपणे वाटला नाही. ज्याला हवा त्यानं आपल्या खिशातून घ्यायचा. अमेरिकेत चार पात्यांची ही मांडणी स्काउटांच्या हातात गेली. रेमिंग्टन कंपनीचा 'आरएस 3333' हा तिथला 1920 च्या दशकातला गाजलेला चाकू. इतिहास तूर्त एवढा पुरे, कारण प्रश्न चकाकीचा होता.

जुना चाकू हातात आला की मी तो आधी पुसत नाही, वाचतो. मोठं पातं उघडायचं आणि भिंगाखाली बुंधा पाहायचा. पातं जिथे मुठीत शिरतं, त्या चौकोनी जागेवर कारखान्याचा शिक्का असतो. कधी नाव, कधी गाव, कधी नुसती खूण. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याची खूण तारा आणि माल्टीज क्रॉस. ती दिसली की नाव वाचायचीही गरज पडत नाही. 1890 च्या अमेरिकी जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, त्यामुळे तिथे विकल्या गेलेल्या परदेशी चाकूवर देशाचं नाव नसलं तर तो त्याआधीचा असण्याची शक्यता वाढते. 'वेस्ट जर्मनी' असेल तर 1949 ते 1990 यांच्या मधला. स्विस शिपायांच्या 1961 पासूनच्या ॲल्युमिनियमच्या मुठीच्या चाकूंवर तर सालाचे शेवटचे दोन आकडेच ठोकलेले असतात. आता या शिक्क्यांची खोली किती? काही तर नखाला जेमतेम लागतात. ज्यांनी ते ठोकले त्यांतले कित्येक कारखाने आज नाहीत. इंपीरियल श्रेड 2004 मध्ये बंद पडला, कॅमिलस 2007 मध्ये. चाकू कुठला, कधीचा, हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुतेक वेळा नसतो, आणि बफचं चाक हा शिक्का मिनिटाभरात पुसून टाकतं. पात्याच्या अंगावर ॲसिडनं कोरलेलं नाव किंवा चित्र असेल तर तेवढाही वेळ लागत नाही.

शिक्का झाकून बाकीचं पातं घासलं तर? हा पुढचा प्रश्नही ठरलेला. पात्याचा पृष्ठभागही बोलतो. कारखान्यात शेवटचा हात फिरायचा तो दगडाच्या किंवा चामडं लावलेल्या चाकावर, आणि त्याच्या बारीक रेषा पात्यावर आडव्या, म्हणजे धारेकडून पाठीकडे जाणाऱ्या असतात. घरी पॉलिश पेपर घेऊन बसलेला माणूस हटकून लांबीच्या दिशेनं घासतो. रेषा टोकाकडे धावताना दिसल्या की समजावं, कुणीतरी आपल्या आधी येऊन गेलंय. घासल्यानं कडा बोथट होतात, नख अडकवायच्या खाचेचे काठ गुळगुळीत होतात, बुंध्याजवळची सरळ रेघ विरघळल्यासारखी दिसते. असा चाकू लांबून सुंदर दिसतो. जवळून पाहिला की त्याचं वय सांगता येत नाही, आणि माझं तर सगळं लक्ष त्या वयाकडेच.

शिवाय उष्णता. बफ जोरात दाबला की पातळ पातं बघता बघता तापतं, टोक आणि धार सगळ्यात आधी. जुन्या कार्बन स्टीलच्या पात्याचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, साधारण 200 अंशांच्या पुढे उतरायला लागतं. धारेवर निळी झाक दिसली तर समजायचं की पारा 300 च्या आसपास जाऊन आला. मग त्या पात्याला कितीही धार लावा, दोन फांद्या तासल्या की ती बसते. नुकसान दिसत नाही, पुन्हा पाणी दिल्याशिवाय भरूनही येत नाही, आणि घडीच्या चाकूचं पातं पुन्हा पाणी द्यायला बाहेर काढायचं म्हणजे सगळा चाकूच खोलावा लागतो.

पण मग गंज तसाच ठेवता का? नाही. इथे मात्र मी कडक आहे. गंज आणि काळपटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल-तपकिरी, पावडरीसारखा सुटणारा, तो गंज. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खालचं पोलाद खात राहतो. तो जायलाच हवा. राखाडी, निळसर, काळा आणि गुळगुळीत थर हा फळं कापून, हात लागून, वर्षानुवर्षं पुसलं जाऊन तयार झालेला असतो. तो पोलादाला घट्ट चिकटतो आणि पुढच्या गंजाची चाल थोडी मंद करतो. याला पॅटिना म्हणतात, आणि तो काढणं म्हणजे चाकूचा अंगरखा काढून त्याला उघड्यावर उभं करणं. चाकू रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. व्हिनेगर लाल आणि काळा असा भेद करत नाही. सकाळी पातं सगळीकडून एकसारखं मेलेल्या राखाडी रंगाचं निघतं, शिक्का उथळ होतो आणि सांध्यात शिरलेलं ॲसिड पुढे महिनोन् महिने आतून काम करत राहतं.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडायचं आणि चाकू उभा करून ठेवायचा, घाई नाही. खाण्याचं तेल कधीच नाही, ते सुकून डिंकासारखं होतं. पातं हलेना तर नखानं झुंजायचं नाही. नख तुटतं ते परवडलं, पण अनेक वर्षं न हललेली पाठीची स्प्रिंग एकदम वाकवली तर ती मोडू शकते. हललं तर किंचित उघडायचं, मिटायचं, बाहेर आलेला तपकिरी चिखल पुसायचा, पुन्हा तेल. चिखल येईनासा झाला की पात्याकडे वळायचं. लाल डागावर तेल टाकून तांब्याच्या तुकड्याच्या कडेनं खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज उचलला जातो आणि पात्यावर ओरखडा उठत नाही. हट्टी डागांना चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल (पोलादी तारांचा लोकरीसारखा बोळा), तीही तेलात भिजवून, आणि तेवढ्याच जागेवर. गंजानं पाडलेले खड्डे राहतात. ते घालवायचे तर सगळं पातं सर्वांत खोल खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावं लागेल. मुठीच्या आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा कळंक असतो, तो लाकडी टोकदार काडीनं निघतो. इतकंच. यात दिवस जातात, आणि शेवटी चाकू पाहून लोक विचारतात, "मग केलंत काय?"

पातं खिळखिळं असेल तर काम थोडं जोखमीचं होतं. मुठीच्या टोकाला असलेल्या धातूच्या ठोकळ्यातून, म्हणजे बोल्स्टरमधून, पात्याची पिन जाते. ती दोन्ही बाजूंनी ठोकून मग घासून इतकी एकजीव केलेली असते की कारखान्याच्या कामात ती सहसा दिसतच नाही. छोट्या हातोडीनं हलके ठोके दिले की सैल सांधा बसतो, पण पिनेचं गोल वर्तुळ उमटतं. बोल्स्टरवर असं वर्तुळ दिसलं तर तिथे हातोडी पडली असण्याचा संभव मोठा. मी ठोकतो तेव्हा ते वर्तुळ घासून लपवत नाही. चाकू पुढे कुणाला दिला तर काय केलं तेही सांगतो. एका चाकूचं पातं दुसऱ्यात बसवून 'मूळ' म्हणून विकणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

पातं किती झिजलंय हे कळायला मोजपट्टी लागत नाही. चाकू मिटा आणि टोक पाहा. भरल्या पात्याचं टोक मुठीच्या आत, पट्ट्यांच्या खाली बसतं. धार लावून लावून पातं अरुंद झालं की टोक पाठीकडे सरकतं आणि मिटल्यावर खिशाला टोचेल असं वर डोकावतं. मग कुणीतरी बुंध्याजवळचा, स्प्रिंगवर टेकणारा उंचवटा कानशीनं घासून टोक खाली बसवलेलं असतं, आणि त्यापायी आता धारच स्प्रिंगवर आपटते. स्काउटच्या चाकूंमध्ये मोठं पातं अर्धं संपलेलं आणि आरी जवळपास कोरी, असं फार वेळा दिसतं. आरी कशासाठी असते हेच बहुतेक मुलांना कुणी सांगितलं नसावं.

मुठीबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. जुन्या मुठी बहुधा गुरांच्या नळीच्या हाडाच्या, वर शिंगासारख्या दिसाव्यात म्हणून खाचा पाडलेल्या. 1960 नंतर अनेक कारखाने डेलरिन या प्लास्टिककडे वळले. भिंगातून हाडात बारीक छिद्रं दिसतात, डेलरिनमध्ये नाही. तापलेली सुई टोचून बघा, असा जुना सल्ला आहे, तो कृपा करून ऐकू नका. कारण तिसरी शक्यता सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची, आणि ते भडकन पेटतं. ते जमवण्याच्या दृष्टीनंही सगळ्यात त्रासदायक. जुनं होताना त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ सुटते, ती ओलीशी मिसळली की नायट्रिक ॲसिड होतं, आणि त्या मुठीला टेकलेलं पोलाद गंजतं. बंद पेटीत असा एक चाकू असेल तर तो शेजारच्या धडधाकट चाकूंनाही घेऊन बुडतो. मूठ चिरायला लागली, आकसली, पेटी उघडताच नाकाला झोंबलं, की त्याला वेगळा, हवेशीर कोपरा द्यायचा. यावर औषध नाही.

चकाकीला माझा सरसकट विरोध आहे असंही नाही. 1913 मध्ये शेफिल्डला हॅरी ब्रेअर्लीनं स्टेनलेस स्टील काढलं आणि 1921 पासून एल्सनरच्या कारखान्यात ते वापरलं जाऊ लागलं. त्याच्या कंपनीच्या 'व्हिक्टोरिनॉक्स' या नावातलं शेवटचं 'इनॉक्स' (स्टेनलेसचं फ्रेंच नाव) तिथून आलं. 1945 नंतर अमेरिकी सैन्याकडेही अख्खा स्टेनलेसचा चार पात्यांचा चाकू होता. असे चाकू मुळात चकचकीतच असायचे आणि त्यांच्यावर जपण्यासारखा पॅटिना चढतच नाही. त्यांना साबण, कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश आणि शेवटी मऊ फडक्यावर थोडं धातूचं पॉलिश, एवढं मी आनंदानं करतो. फक्त सालाच्या आकड्यांपासून हात दूर.

धार मात्र सगळ्यांना लावत नाही. ज्या पात्यावर कारखान्याची पहिली धार अजून आहे, त्याला दगड दाखवत नाही. जे आधीच अर्ध्यावर आलंय, त्याला ऑइलस्टोनवर नीट धार लावून रानात घेऊन जातो.

तुमच्याकडे घरात असा एखादा चाकू असेल तर तो चामड्याच्या म्यानातून बाहेर काढा. चामडं ओल धरतं आणि पितळेवर कळंक चढवतं. सांध्यांत तेलाचे थेंब सोडा, शिक्का वाचा, हवं तर त्याचा फोटो मला दाखवा. आणि बफ लावायचा मोह अगदीच आवरला नाही, तर तो बाटली उघडायच्या पात्याला लावा. तिथेही आधी भिंग फिरवा, कारण पेटंटचा क्रमांक कधी कधी नेमका तिथेच ठोकलेला असतो.