भिताड गार लागायलंय

"ह्ये भिताड गार लागायलंय की रं." सकाळी देवघराच्या कोपऱ्यात आई भिंतीला तळहात टेकवून उभी. मला तर काहीच दिसेना. रंग जसाच्या तसा.

मोबाईलची टॉर्च भिंतीलगत तिरपी धरली, तेव्हा कुठं वीतभर फुगवटा दिसला. नखानं खरवडलं तर पांढरी भुकटी. लोणा, ओलीनं भिंतीला फुटणारा खार!

गच्चीवर गेलो. पाऊस उघडून दोन दिवस झालेले, पण लिंबाच्या पाल्यानं पाइपाचं तोंड बुजलेलं, कठड्याशी पाणी तुंबलेलं. कठडा न् स्लॅबच्या सांध्यात सिमेंटची गोलाई असते, त्या वाट्याला केसाएवढी चीर. तीही कोपऱ्याच्या डोक्यावर नाही, चांगली चार-पाच हात लांब. पाणी स्लॅबच्या आतून सरकत सरकत देवापाशी पोचलं होतं.

आईचं माहेर किल्लारीकडचं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पावसात गळू नये म्हणून रोहिण्या संपायच्या आत वर पांढरी माती पडायचीच. १९९३ च्या भूकंपानंतर तिकडं माळवदांची भीतीच बसली, स्लॅब-पत्रे आले. आणि स्लॅबला काय बघायचं, म्हणून आम्ही निवांत!

मिस्त्री उद्या येतो म्हणालाय. (म्हणजे परवा.) तोवर पाला मीच काढला.

पापड-कुरडया वाळवायचं सोडून तुम्ही गच्चीवर शेवटचं कधी गेला होता?