थर्माकोल कटर: व्होल्ट नेमके कुठे मोजायचे

तापलेल्या तारेने थर्माकोल कापणारी कमान उभी राहिली, तार ताणून बसली, आकडेही जुळले. काम आहे रेडिओ कंट्रोल विमानाच्या पंखांचे गाभे कापण्याचे, तेही पॅकिंगमधून निघालेल्या थर्माकोलमधून. मखराचा बेत असेल तर तो इथेच सोडा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

तार नायक्रोम ८०/२० (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम), जाडीच्या मापात २८ एसडब्ल्यूजी, व्यास ०.३७६ मिमी. इंदूरच्या महाराणी रोडवर घेताना गेज कुठला, ब्रिटिश एसडब्ल्यूजी की अमेरिकन एडब्ल्यूजी, ते आधी विचारा. २८ एडब्ल्यूजी निघाली तर व्यास ०.३२ मिमी, आणि रोध मीटरला ९.८ ओहमऐवजी साधारण १३.५ ओहम. तिथेच सगळे गणित फिरते. कमानीत ४० सेंमी तार आहे, म्हणजे कागदावर ३.९ ओहम.

मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ४.३ दाखवतो. तार चुकीची नाही. प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३-०.४ दिसतातच, तो प्रोबच्या वायरींचाच रोध. चार-पाच ओहमच्या वस्तूसाठी ही रेंज सोडाच. करंट चालू ठेवायचा आणि व्होल्ट भागिले अँपिअर करायचे. नायक्रोमला हे सोयीचे, कारण तापल्यावर तिचा रोध जेमतेम काही टक्के वाढतो. टंगस्टनच्या जुन्या बल्बला ही सवलत नाही: २३० व्होल्ट, १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

करंटसाठी मीटरचे १० अँपिअरचे भोक वापरलेले नाही. साध्या पिवळ्या मीटरमध्ये त्यामागे फ्यूज नसतो, आणि प्रोब तिथेच राहून पुढे व्होल्ट मोजायला गेलात की थेट शॉर्ट. त्याऐवजी ०.१ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर तारेच्या सिरीजमध्ये टाकला. त्यावर १८० मिलिव्होल्ट म्हणजे १.८ अँपिअर. २ अँपिअरला २०० मिलिव्होल्टची रेंज संपते. पुढची २००० ची लावा. रेझिस्टर ५ टक्क्यांचा असेल तर ओहम आणि वॅट दोन्हींत तेवढी चूक धरून चाला.

आता मुद्द्याचे. पुरवठा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरच्या लॅपटॉप चार्जरचा, मध्ये व्होल्ट कमी करणारे एक्सएल४०१५ चे बक मॉड्यूल. मॉड्यूलच्या टर्मिनलवर ७.८ व्होल्ट, प्रोब थेट नायक्रोमवर, बोल्टच्या आतल्या बाजूला टेकवले तर ७.१. पहिला आकडा धरला तर ४.३३ ओहम आणि १४ वॅट, दुसरा धरला तर ३.९४ ओहम आणि १२.८ वॅट. खरा दुसराच. मधले ०.७ व्होल्ट गेले कुठे? रेझिस्टरने ०.१८ खाल्ले, ०.७५ चौरस मिमीच्या येण्याजाण्याच्या ४ मीटर वायरने जवळजवळ ०.१९. उरलेले ०.३३ बोल्टच्या जोडांत. म्हणजे जोडांवर अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता, तीही टिचभर जागेत. नायक्रोम साध्या फ्लक्सने झाळली जात नाही. म्हणून तार पॉलिश पेपरने घासून दोन पितळी वॉशरमध्ये दाबा, आणि एक प्रोब बोल्टवर, दुसरा तारेवर ठेवून प्रत्येक जोड वेगळा तपासा. पीव्हीसीची कनेक्टर पट्टी वापरू नका, वितळते. आतले पितळ काढून घेतले तर चालेल.

मोटर स्पीड कंट्रोलर, म्हणजे पुरवठा झपाट्याने चालू-बंद करणारा पीडब्ल्यूएम, लावणाऱ्यांसाठी एक फसवी गोष्ट. १२ व्होल्टवर ५० टक्के ड्यूटी (म्हणजे अर्धा वेळ चालू) ठेवली तर साधा मीटर सरासरी दाखवतो: ६ व्होल्ट, १.५३ अँपिअर. भागाकार ३.९ ओहम, अगदी बरोबर. गुणाकार ९.२ वॅट, साफ चूक. अर्धा वेळ तारेत ३.०५ अँपिअर वाहतात, म्हणजे ३६.६ वॅट, त्याची निम्मी १८.३. रोध बरोबर आला म्हणून वॅटवर विश्वास ठेवला की काप रुंद होतो, थर्माकोल तारेपासून लांबच वितळत राहते आणि धूर येतो. या पद्धतीत वॅट हवे असतील तर १२ चा वर्ग भागिले रोध, गुणिले ड्यूटी. आमच्या मते पंखांसाठी बकच बरा. पंख्याचा रेग्युलेटर किंवा लाइटचा डिमर थेट २३० व्होल्टवर तर मुळीच नको. तार उघडी असते आणि हात तिच्याजवळच असतो.

१.८ अँपिअरला सेंटिमीटरमागे ०.३२ वॅट पडतात. काप बारीक येतो, धागे थोडे सुटतात. छताचा पंखा बंद हवा. वाऱ्याने तार गार होते, पण व्होल्ट-अँपिअर जवळपास तेच राहतात, त्यामुळे मीटरवर ते कळत नाही. इंदूरच्या मे महिन्यात हे जड जाते. खिडकी मात्र उघडी ठेवा. तार ३०० अंशांनी तापली तर ४० सेंमीला सुमारे १.७ मिमी लांबते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग. करंट स्प्रिंगमधून नेऊ नका, तिचा ताण जातो. लवचिक वायर सरळ तारेच्या वॉशरला जोडा.

पुढची कमान ६० सेंमीची. तार तीच, म्हणून करंटही १.८ च. रोध ५.९ ओहम, व्होल्ट १०.६, वॅट १९. चार्जर आणि मॉड्यूल दोघांनाही झेपेल. स्प्रिंगला मात्र अडीच मिमीचा वाव हवा.