बीबीसी मायक्रोला पुन्हा रंग देताना

१९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पातून देशभरातील निवडक शाळांना जे संगणक दिले, ते केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो होते. त्यांपैकी एक मला एका शाळेच्या निर्लेखित सामानाच्या लिलावात मिळाला. चालू करण्यापूर्वी पॉवर सप्लायमधले जुने कागदी कपॅसिटर बदलले, कारण त्यांच्या कवचाला तडे गेले की आत दमटपणा शिरतो आणि ते धूर सोडून फुटतात. ते काम लवकर उरकले. खरा प्रश्न कॅबिनेटचा होता.

मूळचा फिकट बदामी रंग जाऊन झाकण पिवळट-तपकिरी झाले होते. अशा कॅबिनेटच्या एबीएस प्लास्टिकने सहज पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त द्रव्ये मिसळत, आणि अतिनील किरणांनी येणाऱ्या या पिवळेपणात त्यांचा मोठा वाटा मानला जातो. पार्लरमध्ये वापरतात ते १२ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड क्रीम लावून उन्हात ठेवल्यास पिवळेपणा उतरतो, आणि शक्य तिथे मी तोच मार्ग पसंत करतो, कारण त्यात मूळ पृष्ठभाग शाबूत राहतो. येथे मात्र झाकणावर ऑइलपेंटने ठळक डेडस्टॉक नंबर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक, घातलेला होता. तो खरवडून काढल्यावर खालचे, ऊन न लागलेले प्लास्टिक उजळ राहिलेले दिसले, म्हणजे नंबर पुसूनही वाचता येत होता. शिवाय पूर्वी कोणीतरी त्यावर थिनर चोळल्यामुळे पृष्ठभाग जागोजागी विरघळून खडबडीत झाला होता. तेव्हा रंग देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

रंग बिघडला तर पुन्हा देता येतो. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवरचे ठिपक्यांचे घुबड हे बोधचिन्ह आणि बीबीसीचे पूर्ण नाव गेले, तर ते गेलेच. नव्याने छापलेल्या पट्ट्या परदेशातून मागवता येतात, पण त्या शाळेतल्या मुलांनी जे घुबड पाहिले तेच मला राखायचे होते. हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन एक कोपरा किंचित उचलून पाहिला. गोंद इतका कडक झाला होता की पट्टी सुटण्याआधी दुमडली असती, आणि दुमडल्याची रेघ कधीच जात नाही. म्हणून ती जागेवरच ठेवून झाकायचे ठरवले. साबणाच्या पाण्याने पुसून, कमी चिकटणारी मास्किंग टेप लावली, कडेने बारीक व्हिनाइल टेप बसवली, नव्या पात्याने पट्टीच्या कडेलगत कापली आणि ती कड नखाने दाबत गेलो, कारण रंग झिरपतो तो तिथूनच.

थिनरचे खड्डे लांबीने (पुट्टीने) भरले आणि तेवढाच भाग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने ओला घासला. सगळे झाकण गुळगुळीत केले असते, तर साच्यातून आलेला बारीक रवाळपणा गेला असता. प्लास्टिक प्रायमरही त्याच कारणाने अगदी पातळ मारला. मूळ रंगाचा नमुना बाहेरच्या बाजूला कुठेच उरला नव्हता. मागच्या बाजूचे दोन आणि तळाचे दोन, ज्यांच्याजवळ ‘फिक्स’ असे लिहिलेले असते, ते स्क्रू काढले की झाकण सुटते. ते घेऊन गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेलो आणि ऊन न पोचलेल्या आतल्या बाजूशी ताडून रंग बनवून घेतला. तोवर पावसाळा लागला. दमट हवेत मारलेल्या स्प्रेवर पांढुरकी झाक येते, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहणेच शहाणपणाचे होते.

एकाच जाड थराऐवजी अनेक पातळ हात दिले. शेवटच्या हातानंतर रंग पुरता वाळण्याआधीच टेप मागे दुमडून सावकाश ओढली. कडक झालेल्या रंगावरून ओढली, तर कडेच्या ढलप्या निघतात. पट्टीच्या कडेला रंगाचा बारीकसा उंचवटा राहिला होता, तो रंग पक्का झाल्यावर २००० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने उतरवला. घुबडाचे सगळे ठिपके स्वच्छ आहेत.

तळ मी रंगवला नाही. तो फारसा पिवळा पडलेला नव्हता, आणि तिथे सिरियल नंबरच्या शेजारी दुसरा, लहान अक्षरांतला डेडस्टॉक नंबर आहे. हे यंत्र कोणत्या नोंदवहीतून आले याची तेवढीच खूण शिल्लक आहे.